कूलरसमोरचा पाहुणा

भरवेलीच्या खाण-वसाहतीत महागूच्या घरी कूलर एकच. त्या दिवशी भर वैशाखात कूलरच्या पुढ्यात, पाटावर, त्याच्या धाकट्या लेकीचा लॅपटॉप विराजमान होता आणि घरची माणसं ओसरीत सुपाने वारा घेत होती.

लेकीचं नाव श्रुतिका. नागपूरच्या एका लहानशा कंपनीचं काम ती घरूनच करी. "तुही पोरगी दिवसभर करते काय?" असं शेजारणींनी विचारलं, की तिची आई कमला सांगे, "टाइप करते, अन् मंग आपल्यावरच चिडते." यात खोटं काही नव्हतं.

तिच्या कंपनीने लालबर्‍याच्या एका राईस मिलसाठी ॲप केलं होतं. नाव लिहा, बटण दाबा, धान भरडायचा नंबर लागतो. जुन्या फोनवर मात्र नाव लिहायला कीबोर्ड वर आला, की बटण त्याच्या खाली गडप होई. लालबर्‍याला राहणारी तिची आत्या रुख्माबाई दर दोन दिवसांनी फोन करून विचारी, "बटन कुठं लपवलं व पोरी?"

चूक ॲपची नव्हती. ज्या तयार चौकटीवर, फ्रेमवर्कवर, ते उभं होतं तिची होती. ही चौकट देशोदेशीची माणसं मिळून सांभाळतात आणि तिचा मूळ कोड कुणालाही उघडून पाहता येतो. श्रुतिकाने पाहिला, दोष हुडकला, दुरुस्ती लिहून पाठवली. उत्तर आलं: अख्खी चौकट मूळ कोडपासून बांधा, जुन्या फोनवर चालवून व्हिडिओ पाठवा. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत आला तर नव्या आवृत्तीत घेऊ. नाहीतर थेट दिवाळी. तोवर उन्हाळी धान भरडून लोकांच्या पोटातही गेलं असतं.

"म्हणजे पिठाचं पाकीट आणायचं सोडून गहू दळायचे," श्रुतिकाने आईला समजावलं.

"मंग चक्की कुठं हाय?"

श्रुतिकाने लॅपटॉप दाखवला.

"हे? याच्यावर तं पापड भाजतील."

तेही खरंच होतं. गुरुवारी दळण अर्ध्यावर असतानाच लॅपटॉप तापून बंद पडला होता. म्हणून कूलर. आणि जुना फोन म्हणाल, तर सगळ्या गोतावळ्यात आत्याच्या फोनइतका म्हातारा फोन नव्हता. म्हणून शुक्रवारी आत्याला आग्रहाचं बोलावणं.

रुख्माबाई दुपारी बसने आली ती घामाने निथळत. कूलरसमोरचा मानकरी पाहून ती उंबर्‍यातच थबकली.

"हा कोन पाहुना?"

"आत्या, तुह्या बटनासाठीच चाललं हाय. फोन आणला ना?"

"हौ. म्हंजे बोलावनं मले नाई, माह्या फोनले होतं!"

कमलाने पन्हं पुढे केलं आणि विषय कसाबसा बदलला.

आता रुख्माबाईची एक खोड सांगायला हवी. तिच्या घरात उघडी वस्तू दिसत नसे. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना क्रोशाने विणलेली झाकणं. पाहुणी म्हणून गेली तरी ती रिकाम्या हाताने जात नसे; पिशवीत एक झाकण असेच. श्रुतिका जेवायला आत गेली, कमला भांड्यांत गुंतली. रुख्माबाईने लॅपटॉप पाहिला, त्यावर उडणारे कूलरचे शिंतोडे पाहिले, आणि मायेने त्याचं झाकण मिटून वर गुलाबी फुलांचं विणकाम पांघरलं. मग त्याला अलगद बाजूला सारून ती स्वतः कूलरपुढे आडवी झाली.

श्रुतिका परतली तेव्हा दोघंही गाढ झोपली होती, आत्या आणि लॅपटॉप.

"आत्या! काहून मिटवलं? सगळं थांबलं ना!"

"उघडं पडलं होतं बिचारं. पानी उडून राह्यलं होतं."

"तुले कोनी सांगितलं होतं हात लावाले?"

रुख्माबाई उठली, पदर सारखा केला आणि पिशवी उचलली. "कमला, चारची बस भेटते मले. फोन बी नेते. त्याले घरी काम हाय."

श्रुतिकाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर, झाकण मिटल्याने नेट तुटल्याची तक्रार होती. तिने बिल्ड, म्हणजे ते दळण, पुन्हा सुरू केलं, आणि पाहते तो काय, आधी दळलेलं सगळं जागच्या जागी होतं. राहिलेलंच पुढे दळायचं होतं. ती धावत फाटकापाशी गेली.

"आत्या, चुकलं माह्यं. थांब ना व. तुह्याशिवाय बटन दाबन कोन?"

"त्या पाहुन्याले सांग."

"त्याले बोटं नाईत."

रुख्माबाईला हसू आवरेना. ती माघारी फिरली, पण कूलर अर्धा आपल्याकडे वळवून घेण्याच्या अटीवर.

उन्हं उतरता उतरता बिल्ड पुरं झालं. श्रुतिकाने त्या चौकटीवरचं नवं ॲप आत्याच्या फोनवर चढवलं आणि आपल्या फोनचा कॅमेरा सुरू केला. रुख्माबाईने एका बोटाने नाव लिहायला घेतलं. कीबोर्ड वर आला. बटणही त्याच्यासोबत वर सरकलं आणि त्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. तिने ते दाबलं.

"लागला! नंबर लागला माहा! आता तरी तो कूलर पुरा इकडे फिरवा, मेली मी!"

व्हिडिओ तसाच गेला. दिवे लागायच्या सुमाराला सातासमुद्रापलीकडून उत्तर आलं: दुरुस्ती घेतली. आणि खाली एक प्रश्न, त्या बाई शेवटी काय म्हणाल्या?

"यंत्र थंड ठेवणं गरजेचं आहे, असं म्हणाल्या," श्रुतिकाने लिहून पाठवलं. मग तिने लॅपटॉप बंद केला आणि गुलाबी फुलांचं झाकण स्वतःच्या हाताने त्यावर घातलं.