पोर्तुगालातल्या घराचा मालक

सोमाण्णांची दोन घरं होती. एक जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाडा गावात, ज्याच्या पडवीतली खोली मी भाड्यानं घेतली होती, आणि दुसरं पोर्तुगालात, जे त्यांनी कधी पाहिलं नाही. मे महिना संपत आला की ते शिडी लावून छपरावर चढायचे, फुटकी कौलं बदलायचे आणि खाली उतरल्यावर अंगावरची धूळ झटकायच्या आधी मला विचारायचे, "मास्तर, तिकडची कौलं फेरली का, फोन लावून विचारा की." तिकडं पाऊस थंडीच्या दिवसांत पडतो, हे मी दरवर्षी सांगायचो. त्यांना ते पटायचं नाही. "पाऊस कवाबी पडूदे. घर माझ्या नावावर हाय. गळलं तर लोक मला नावं ठेवतील." पोर्तुगालातले लोक कुंभारवाड्यातल्या माणसाला कशी नावं ठेवणार, हे विचारायचं मी पुढं सोडून दिलं.

मी मूळचा खानापूरकडचा. इथल्या मराठी शाळेवर बदली झाली तेव्हा गावात खोली मिळेना, म्हणून सोमाण्णांनी पडवीला भिंत घालून दिली. त्यांचा स्वतःचा असा संसार नव्हता. बायको लग्नानंतर लवकरच तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. आईवडील त्याआधीच गेलेले. धाकटा भाऊ प्रकाश तेव्हा शाळकरी होता, म्हणून त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. भात करायचं, पावसाळा सरला की रानातल्या कामावर जायचं आणि भावाला शिकवायचं, एवढंच त्यांनी केलं. प्रकाश गोव्यात हॉटेलात लागला, तिथून स्वयंपाकी म्हणून पोर्तुगालला गेला. त्याची बायको सुनंदा, रामनगरची. नवऱ्यामागून जाण्याआधी ती दोन पावसाळे याच घरात राहिली.

धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिरानं समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. सोमाण्णांइतकी ती कुणी पाळली नसेल. आमटीत मीठ कमी पडलं तर ते मांजराला सांगायचे. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन दाराआडून त्याच मांजराला विचारायची, "भावजींना अजून भात वाढू काय?" मी राहायला आल्यावर मांजराची जागा मला मिळाली. कधी कधी दोघं एकमेकांपासून चार हातांवर असायची आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडं सांगायचो. माया मात्र होती. सुनंदाला ताप आला तेव्हा सोमाण्णा गणेशगुडीपर्यंत चालत जाऊन गोळ्या घेऊन आले आणि उंबऱ्यावर ठेवून निघून गेले.

तिकडं सुनंदा म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला लागली. नवराबायकोच्या कमाईतून त्यांनी एका लहान गावात जुनं कौलारू घर घेतलं. कागद करायची वेळ आली तेव्हा प्रकाशनं अण्णांचं नाव घातलं. शेत, घर, बैल, जे काही असेल ते थोरल्याच्या नावावर, कमावणारा कुणी का असेना. ती रीत त्यानं इथून तिथं नेली. तिथल्या वकिलानं दोनदा समजावलं म्हणे. सुनंदाच म्हणाली, "भावजींचंच नाव घाला, घराला शोभतंय." सोमाण्णांनी जोयड्याला जाऊन तिकडून आलेल्या कागदांवर सह्या केल्या आणि येताना गावात पेढे वाटले. घराचा फोटो आला तेव्हा त्यांनी तो लांब धरून पाहिला. "कौलं आपल्यासारखीच हायत," एवढंच म्हणाले. पण तो फोटो देवाच्या फळीवर गेला.

मग त्या दोघांचं फाटलं. का, ते मला नीट कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. प्रकाश वेगळा राहायला गेला, सुनंदा त्या घरात एकटी राहिली, आणि एक दिवस घटस्फोट झाल्याचा फोन आला. सोमाण्णा भात झोडपत होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि हातातली पेंडी पुन्हा आपटली. ती रास संपेपर्यंत ते थांबले नाहीत. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी पेज घेतली. मलाही काही वाटल्याचं आठवत नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढंच वाटत होतं.

घरावरून दोघं तिथल्या कोर्टात भांडत राहिली. ती म्हणायची माझा पगार गेलाय, तो म्हणायचा माझा. शेवटी कोर्टानं सांगितलं की हे घर तुम्हा दोघांपैकी कुणाचंच नाही, ज्याच्या नावावर आहे त्याला विचारा. म्हणजे कुंभारवाड्यात विचारा.

प्रकाश स्वतः आला. वकिलानं तयार केलेला कागद त्यानं पाटावर ठेवला. "अण्णा, सही कर. घर विकतो आणि मोकळा होतो."

"आणि ती कुठं जाईल?"

"तिचं ती बघंल. आता ती आपली कोण?"

सोमाण्णांनी कागदावर पाण्याचा तांब्या ठेवला. तो तिथंच राहिला. प्रकाश चार दिवस राहून परत गेला.

सुनंदा फोन करायची. गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकावर, म्हणून आम्ही दोघं वर चढून जायचो. मी स्पीकर लावायचो. ती म्हणायची, "मास्तर, भावजींना सांगा, मला ह्या घराशिवाय छप्पर न्हाई. माझ्या नावानं एक कागद तेवढा करून द्या म्हणावं." सोमाण्णांना सगळं ऐकू यायचं. तरी मी तेच पुन्हा सांगायचो, आणि ते खाली बघत म्हणायचे, "तिला सांगा, म्हणावं घर सोडू नको. मी हाय तोवर तिला कोण काढत न्हाई."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?" मी एकदा चिडून विचारलं. "अण्णा, निदान दोघांना अर्धं अर्धं तरी लिहून द्या."

"वाटणी भावाभावांत हुते मास्तर. नवराबायकोची वाटणी तुम्ही कुठं ऐकलीसा?"

"घटस्फोट झालाय हो त्यांचा!"

"तो कोर्टात झालाय. घर अजून एक हाय, न्हवं? मी सही केली की फुटलं. सही न्हाई तोवर दोघंबी माझ्याच घरातली."

मला राग आला होता. पण त्या म्हाताऱ्याला काय धरून ठेवायचं होतं, तेही दिसत होतं. त्यांना वाटायचं, कधीतरी दोघांपैकी एकजण कंटाळेल आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहील. त्या दारावर आपलं नाव आहे, म्हणून ते दार उघडं राहील.

तसं काही झालं नाही. लावणी संपल्यावर एका दुपारी सोमाण्णा जेवून पडवीत आडवे झाले. मी शाळेतून आलो तेव्हा अंग गार पडलं होतं. चुलतभावानं अग्नी दिला. मी टेकावर जाऊन दोघांना फोन केले. माझा आवाज दोन्ही वेळा सारखाच निघाला.

प्रकाश तिसऱ्या दिवशी पोहोचला. पाचव्या दिवशी वकिलाशी बोलून आला आणि माझ्या खोलीत येऊन बसला. सोमाण्णांना बायको नाही, मूल नाही, आईवडील नाहीत. वारस एकच, सख्खा भाऊ. इथलं घर त्याचं आणि तिथलंही त्याचं.

"मास्तर, मी असं मागितलं न्हवतं," तो म्हणाला. "अण्णानं अर्धं दिलं असतं तर अर्ध्यावर गप बसलो असतो."

"मग अर्धं तिला द्या."

तो जायला उठला. "हातात आलेलं आता कोण देतंय वो," म्हणाला. खरं बोलला. सकाळीच त्यानं तिला घर खाली करायला सांगितलं होतं.

सुनंदाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. टेकावर या वेळी मी एकटा होतो. मला वाटलं ती रडेल, सोमाण्णांना दोष देईल. मी बोलायला वाक्यं जुळवून ठेवली होती. तिनं घराचा विषयच काढला नाही. भावजी शेवटी जेवले होते का, विचारलं. मी हो म्हणालो.

"मास्तर, भावजींचं सुतक मला लागतंय का हो?" ती म्हणाली. "ते गेल्यापासून देवाजवळ दिवा लावलेला न्हाई मी. मी त्या घरातली हाय का न्हाई, मला कळंना झालंय. दिवा लावू का नको, तेवढं कुणाला तरी विचारून सांगा."

विचारून सांगतो, म्हणालो आणि फोन ठेवला. असल्या गोष्टी घरातल्या थोरल्याला विचारायच्या असतात.