नागायातली खोली

टेम्पो खाली उभा होता आणि आई खोलीला कुलूप लावत होती. बीडीडी चाळीतली आमची इमारत पाडली जाणार होती, आत एक खिळाही उरला नव्हता, तरी तिने कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली कागदांच्या पिशवीत टाकली. त्या पिशवीत बाबांचं रेशनकार्ड होतं, गिरणीचा पास होता, जुनी लाइट बिलं होती. आम्ही नायगावला राहतो हे सिद्ध करायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्याआधी तीन पिढ्या काहीही सिद्ध न करता राहिल्या.

आपल्या मजल्यावरचे तुम्ही सगळे आता पांगलात. कुणी परळला, कुणी विरारला, एकजण दुबईला. ग्रुपवर विचारता, हल्ली असतेस कुठे? शीवला असते, अकराव्या मजल्यावर, आईबरोबर. मधली दोन वर्षं मात्र जपानात होते. ते सांगायला हवं, कारण तेही घर सोडून आले.

शीवच्या आधी दादरला भाड्याने एक घर पाहिलं होतं. मालकांनी आडनाव विचारलं, मग पंख्याकडे बघत म्हणाले, "आमचं काही नाही हो, सोसायटीचं असतं." बाबा सांगायचे, "आधी पाणी विचारतो आणि मग आडनाव, त्याच्याकडे बसावं. उलटं करतो, तिथे चप्पल काढू नये." मी काढली नव्हती.

शीवला मजल्यावर चार दारं, चारही बंद. मी ज्या वाचनालयात काम करते तिथल्या शर्वरीने एकदा जेवणाच्या सुट्टीत मला लॅपटॉपवर एक जग दाखवलं. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून तिथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका जपानी गावात राहतात. एक बाहुली घ्यायची, तिला किमोनो घालायचा, टाइप करून बोलायचं. कुणी सामुराई, कुणी भिक्षू. सामुराई फार, शेतकरी कमी. गिरगावात पाडव्याला फेटे बांधून बुलेटवर बसलेल्यांना पाहून मला जे हसू येतं, तेच आलं.

मग नागाया दिसलं, म्हणजे तिथली चाळ. एकाला एक लागून खोल्या, पातळ भिंती, सगळ्यांत मिळून एक विहीर, टोकाला संडास. बीडीडीच, फक्त कौलारू. मी त्यातली एक खोली घेतली.

शेजारी ओहाना नावाची तोफू विकणारी. खरी कोण, कुठली, मला माहीत नाही. ती बाई आहे याचीही मी खात्री देणार नाही. पण पहिल्या दिवशी मी दारात उभी होते तेव्हा तिने काही न विचारता चहा पुढे केला. बाहुलीने बाहुलीला दिलेला चहा. मी तो संशयानेच घेतला, पण घेतला.

गावात प्रत्येकाला काही धंदा लागतो. मी ढोल करायला घेतले. लाकडाच्या रेषा, कातड्याचा ताण, आवाजाचा घुमारा, सगळं एकेक बसवावं लागायचं. रविवारच्या दुपारी त्यात जायच्या आणि आई मागे मेथी निवडत विचारायची, "झाला का गं तुझा ढोल?" गावच्या सणाला माझे सात ढोल वाजले. गावचा सरदार, जो क्योतोच्या घराण्यातला होता आणि ज्याच्या खऱ्या घरातलं घड्याळ कॅनडाच्या वेळेचं होतं, माझ्यासमोर कमरेत वाकला. मला बरं वाटलं, हे कबूल करते. बाबांनी तेव्हाच चप्पल शोधली असती.

काही महिन्यांनी फर्मान निघालं. गाव अधिक अस्सल करायचं आहे, तरी प्रत्येकाने बुद्धमंदिरातून दाखला घ्यावा: जन्म कुठला, घराणं कोणतं, धंदा काय. मी आईला वाचून दाखवलं. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"बुद्धाच्या दारात जन्म विचारतात?"

पाठोपाठ मला वेगळं पत्र आलं. कातड्याचं काम करणारे त्या काळी पुलापलीकडे राहत, सबब खोली सोडावी, पलीकडे जागा नेमून दिली आहे. ढोल मात्र मंदिरासमोरच राहतील. यात वैयक्तिक काही नाही, तुमच्या कलेचा आदरच आहे.

मी वाचनालयातली पुस्तकं काढून पाहिली. सरदाराचा इतिहास बरोबर होता. पण त्याच गावात एक बोलणारा कोल्हा होता, तो सरदाराच्या मंत्रिमंडळात होता आणि त्याला कुणी दाखला मागितला नव्हता. इतिहास सगळं गाव सोडून थेट माझ्या दारात आला होता. कातड्याला हात लावल्यावर पुढे काय होतं, हे नायगावच्या मुलीने विसरावं, ही चूक मात्र माझीच.

आई म्हणाली, "ढोल हवेत तर ढोलवालीही हवी, असं कळव त्यांना." मी कळवलं. उत्तर फार नम्र आलं. दाखल्यात फक्त 'दैन्यावस्थेतल्या सामुराई घराण्यात जन्म' एवढं लिहा, खोली तुमचीच राहील.

खोली मला हवी होती. आणि तिथे खरं तरी काय होतं? चहासुद्धा खोटा. एक ओळ आणखी खोटी लिहायला हरकत नव्हती. मी टाइप करायला घेतली. समोर दाराच्या खुंटीला आईची पिशवी लटकत होती. दीड वर्ष आम्ही रांगांत उभे राहिलो, पण त्यात एकही कागद बनवून घातलेला नव्हता. मी ओळ खोडली आणि जन्माच्या रकान्यात लिहिलं: नायगाव, बीडीडी चाळ.

मग सातही ढोल उचलले. तिथे आपण केलेली वस्तू एका बोटाने परत घेता येते, खोलीसकट. नायगावला ही सोय नव्हती. पुढच्या सणाला म्हणे ढोलांच्या जागी मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांनी नेमलेल्या जागेवर मी गेले नाही. गावाच्या हद्दीबाहेर एक उघडी टेकडी आहे, कुणाच्याच नावावर नसलेली. तिथे खोली मांडली. तिसऱ्या रविवारी ओहाना टोपली घेऊन चढ चढून आली. तिने दाखला घेतला की नाही, मी विचारलं नाही. कशी आहेस, का गेलीस, असलं तीही काही बोलली नाही. आजूबाजूला बघून तिने एवढंच विचारलं, ते मी आईला सांगितलं: "विहीर कुठे खणायची, म्हणते."

आईने चष्मा लावला, पडद्याजवळ आली आणि टेकडी नीट पाहिली.

"दारात नको," ती म्हणाली. "वाटेवर खण. येणाऱ्याला आधी पाणी दिसू दे."