माझ्या दुःखाचं व्हाय-व्हाय

मी दुःखी आहे, हे मला फर्स्ट शिफ्टहून घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी कळलं.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट बिघडला की आम्ही 'का?' विचारतो, उत्तरावर पुन्हा 'का?', असं पाच वेळा. मग मूळ कारण सापडतं. हे 'व्हाय-व्हाय' मी घरीही करायचो, अगदी दूध उतू गेलं तरी! (चौथ्या 'का'ला बायकोने पातेलं आपटलं होतं.)

वर्षानुवर्षं लाइनवर उभं राहून माझ्या कमरेपासून पायापर्यंत करंट लागल्यासारखी कळ यायची. पेनकिलरने पोटाची वाट लावली. शेवटी डॉक्टरांनी नवी गोळी दिली. म्हणाले, "ही मूळची डिप्रेशनची, पण नसांच्या दुखण्यावरही देतात. गुण यायला काही आठवडे लागतील. आणि मनाने एकदम बंद करायची नाही!" महिनाभराने मी शिफ्टभर सरळ उभा राहिलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. घरी मात्र म्हणालो, "व्हिटॅमिन आहे." कोण समजावत बसणार?

लेकीने, पल्लवीने, गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं. म्हणून त्या दिवशी टेबलावर वही होती आणि वहीत लिहिलं होतं, 'प्रॉब्लेम : पप्पा दुःखी.'

"का?" पल्लवीने विचारलं.

"अगं, दुःखी नाही, थकलोय!"

"का थकलात?"

"ड्यूटी करून! आता जेवू द्या!"

"चिडले, असं लिही गं," बायको म्हणाली आणि रडायलाच लागली. "अहो, ते पातेल्याचं मनाला लावून घेतलंत का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आनंदी आहे हे सिद्ध करायला दुसऱ्या दिवसापासून गोळीच बंद केली! दोन-तीन दिवसांत घर गरगरायला लागलं, दरदरून घाम, डोक्यात झिणझिण्या, आणि काही दिवसांनी ती जुनी कळही परत.

"मी एकदम मजेत आहे!" मी भिंत धरून ओरडलो.

पल्लवीने वहीत लिहिलं, 'वाढलंय.' दोघींनी मला धरून डॉक्टरांकडे नेलं.

"गोळी बंद का केलीत?" डॉक्टर.

"ही रडली."

"त्या का रडल्या?"

"मी दुःखी आहे असं वाटलं तिला."

"असं का वाटलं?"

"पोरीने गोळीचं नाव शोधलं."

"शोधावं का लागलं?"

"मी व्हिटॅमिन म्हणालो होतो."

"का?"

डॉक्टरांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण हा पाचवा होता. पल्लवीने पर्समधून वही काढली.

"सांगायचा कंटाळा आला," मी म्हणालो.

गोळी पुन्हा सुरू झाली. आता डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि सांगतील तशीच ती कमी होईल. घरी आल्यावर पल्लवीने शेवटची ओळ लिहिली, 'मूळ कारण : पप्पा. उपाय : तोंड उघडणे.' खाली मी मुकाट्याने सही केली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्या फटक्यात पास झालेला तो एकमेव रिपोर्ट!