तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या व्याह्यांनी जन्माला आल्यापासून कोणत्याही गोष्टीला पहिल्या विचारण्यात हो म्हटलेलं नाही. दुसऱ्या विचारण्यातही नाही. हे त्यांचे शत्रू सांगत नाहीत, त्यांची बायको सांगते. तिला पाहायला गेले तेव्हा ‘मुलगी पसंत आहे का’ या प्रश्नाला त्यांनी भर बैठकीत दोनदा “नाई” म्हटलं होतं. तिच्या वडिलांना तिसऱ्यांदा विचारायची बुद्धी झाली, म्हणून केनवडला तो संसार उभा राहिला. पुढे एकदा चष्म्याच्या दुकानात गेले. “दिसतं का?” “नाई.” दुसरं भिंग लावलं, तरी “नाई.” तिसऱ्या भिंगाला “हाव” म्हणाले आणि तोच नंबर घेऊन घरी आले. तेव्हापासून ते सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा नाली ओलांडल्यासारखे पाय उंच उचलून चालतात. एसटीचा वाहक “चढता का काका?” असं एकदाच विचारून घंटी मारतो, म्हणून एसटीवर त्यांचा कायमचा राग आहे. हे सगळं ते हट्टाने करतात असं नाही, त्यामागे त्यांचं तत्त्वज्ञान आहे. “एकदा इचारनं म्हंजे तोंडदेखलं,” ते सांगतात, “दोनदा म्हंजे लोकलाज. तिसऱ्यांदा इचारते थोच मनापासून इचारते.”

हे तत्त्वज्ञान मला वेळेवर कळलं असतं तर माझ्या मुलीचं लग्न मोडायची वेळ आली नसती.

मी जन्मभर जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. मोजणीला गेलेल्या गावात कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, असा माझा नियम होता. कारण चहा एका भावाकडे घेतला की दुसऱ्या भावाला शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकल्यासारखा वाटतो. त्यामुळे “नको” हा शब्द मी आयुष्यभर खणखणीत वापरला, आणि आग्रह करायची किंवा करवून घ्यायची विद्या शिकायची राहूनच गेली. आमची ही दवाखान्यात परिचारिका होती. ताटात टाकलेलं अन्न तिला बघवत नाही, म्हणून पाहुणा पुरे म्हणाला की तिचा हात तिथेच थांबतो. अशा घरात पल्लवी, आमची एकुलती एक मुलगी, वाढली. तिने स्वतःच पसंत केलेला मुलगा शांत आणि कामसू निघाला. रिसोडला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. आता फक्त दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून लग्नाच्या याद्या करायच्या उरल्या होत्या.

त्यासाठी व्याही तेरा माणसं घेऊन वाशीमला आमच्या घरी आले. चहाचा ट्रे पुढे केला, ते “नाई” म्हणाले, आणि हिने तो आत नेला. चौदा जणांच्या नजरा ट्रेमागून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. जेवणाला वांग्याची भाजी, पुरणपोळी, कढी असा बेत होता. व्याह्यांनी एक पोळी संपवून ताटावर हात आडवा धरला, “बस, झालं.” हिने समजूतदारपणे “बरं” म्हटलं आणि पोळ्यांवर झाकण ठेवलं. पुढारीच उठल्यावर बाकीचे तेरा काय करणार? तेही एकेका पोळीवर हात धुऊन उठले. याद्या निघाल्याच नाहीत. “कमी जेवणारी माणसं दिसतात,” मी हिला म्हणालो, “पल्लवीचं बरं आहे.” संध्याकाळी शेजाऱ्याने सांगितलं, की आमचे पाहुणे रिसोड नाक्यावर गाडी थांबवून आलूबोंडे खात होते आणि हॉटेलवाल्याला दुसरा घाणा काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, जमणार नाही. “ज्या घरी पाहुण्याले दुसऱ्यांदा पोळी वाढत नाईत, थ्या घरची पोरगी आमाले काय जेवू घालनार?” हिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस राबून केलेलं जेवण त्यांनीच नाकारलं, आणि वर दोष आमच्यावर! मीही ताठलो. मोजणीत एकदा खूण ठोकली की ठोकली, तसं मी म्हणालो, “त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला.”  तीन दिवस पल्लवी नुसती ताटावर बसून उठत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, “बाबा, त्यांच्याकडे तीनदा विचारतात. तुम्ही एकदा तरी नीट विचारलं का?” माझ्या ताठ्यापायी माझी पोर वाळत होती, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

मी एकटाच केनवडला गेलो. व्याही ओसरीवर तूर पाखडत बसले होते. ते रागावलेले होते, पण दारात आलेल्याला चहा विचारणारच. माझं पित्त खवळलेलं, शिवाय जन्माची सवय, मी “नको” म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. “नको.” तिसऱ्यांदाही “नको”, चौथ्यांदाही. पाचव्यांदा विचारताना त्यांचा चेहरा असा खुलला, की मला नाही म्हणवेना. “पाहा बे,” ते घरात ओरडले, “याले म्हंते पाहुना! आन् आपन यायले शहरातले कोरडे लोक समजून राह्यलो होतो!” मी खराखुरा नाही म्हणत होतो हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. चहा झाल्यावर मी हात जोडून विचारलं, “माझी मुलगी करून घेता का?” दोनदा नाही म्हणाले.  तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझे जोडलेले हात सोडवले आणि म्हणाले, “असे हात नोका जोडू, इवाई. पोरगी तं आमचीच हाये.”

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी दारात गाडी उभी, पल्लवी रडून लाल झालेली. व्याही पाय उंच उचलत माझ्यासमोर आले. “इवाई, नेऊ का पोरीले?” माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही.” त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं, तरी माझ्याच्याने हो म्हणवेना. लोक चुळबुळ करायला लागले, मुहूर्त-मुहूर्त म्हणायला लागले. व्याह्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. “चहाची गोष्ट येगळी, पन पोरीसाठी चवथ्यांदा इचाराची रीत आपल्यात नाई,” ते म्हणाले, “तुमचं तुमी सांगसान. मी बसतो.” सगळं वऱ्हाड खोळंबलं होतं आणि आम्ही दोघे मांडवात नुसते बसून होतो. बऱ्याच वेळाने मीच “न्या” म्हणालो.

तेव्हापासून दर दिवाळीला पल्लवी माहेरी येते आणि तिला न्यायला व्याही स्वतः येतात. दारात उभे राहून विचारतात, मी दोनदा नाही म्हणतो, मग गाडी निघते. यंदा ते आले तेव्हा त्यांचे गुडघे सुजलेले होते. पाय आता उंच उचलत नव्हते, भिंतीला धरून चालत होते. पल्लवी माझ्या कानाशी लागली, “बाबा, त्यांना उभं राहवत नाही. लवकर हो म्हणा.” त्यांनी विचारलं, “नेऊ का पोरीले?” मी लगेच म्हणालो, “न्या.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “काहून हो इवाई? एकाच बारीत? पोरगी जड झाली का तुमाले?”

मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, माझं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून विचारा. त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा विचारायला मात्र त्यांनी फार वेळ लावला, आणि मीही त्यांना घाई केली नाही.