अण्णा, मालक आणि मऊ माती

गावात पहिला एसटीडी बूथ सुरू झाला त्या वर्षीची गोष्ट. माघातला दुसरा सोमवार, सकाळी सव्वानऊ. रक्कम रुपये दोनशे एक्कावन्न. हजर माणसे पाच: मठाचे स्वामी, बूथवाला संगमेश्वर, विहिरी खणणारा लालाभाई, किराणा दुकानदार अण्णा आणि मी. मी तेव्हा गावच्या डेअरीत दूध मोजून घ्यायचो आणि मठाच्या फंडाची वहीही माझ्याकडेच होती, म्हणून ठराव मी लिहिला. "समाधी उकरणारास जो कोणी हजर करील, त्यास मठाच्या फंडातून रु. २५१ बक्षीस." चौघांनी सह्या केल्या, लालाभाईने अंगठा दिला. सही करताना अण्णांना तीन शिंका आल्या. एरवी त्यांना सात येत. उरलेल्या चार कुठे गेल्या, हा विचार मी त्या वेळी करायला हवा होता.

अण्णांच्या शिंका हा गावाचा ठरलेला हिशेब होता. ते तपकीर ओढत आणि मग सात शिंका देत, सहाही नाही आणि आठही नाही. नवखा माणूस सहाव्या शिंकेनंतर बोलायला लागला तर अण्णा हात वर करून त्याला थांबवत, सातवी देत आणि म्हणत, "हां, आता बोला." त्यांचे वजन त्यांच्याच दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर शहाण्णव किलो भरले होते. पांढरे शुभ्र धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. असा माणूस रानातले जनावर लपून पाहायला जातो असे कोणी सांगितले असते, तर मी स्वतः मानले नसते. पण ते खरे होते.

ते जनावर म्हणजे बिज्जू. वरून करडे-पांढरे, खालून काळे, कुत्र्यापेक्षा बुटके. कोणी पांघरूण पाठीवर घेऊन रांगत निघावे तसे ते चालते. अण्णा त्याला बिज्जू म्हणत नसत, 'मालक' म्हणत. संध्याकाळी साडेपाचला दुकानाच्या दारावर पाटी लागे: "मालकांकडे गेलो आहे. साखर हवी असल्यास काकूंना सांगणे." नांदूरघाटहून आलेला एक फिरता विक्रेता सहा महिने समजत होता की दुकान दुसऱ्याच कोणाचे आहे आणि अण्णा नोकर आहेत. त्याने एकदा अण्णांच्या बायकोला, काकूंना, विचारले, "मालक कधी भेटतील?" काकू म्हणाल्या, "मलाच भेटंनात, तुमाला काय भेटतेत."

ही ओळख दुकानाच्या मागच्या खोलीत झाली होती. बिज्जूने कौलाखालून आत येऊन मधाची बरणी फोडली. अण्णा काठी घेऊन आत गेले आणि पुढचा पाऊण तास तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर उभे राहिले. खाली बिज्जू मध चाटत होता. त्याने मान वर करून एकदा पाहिले आणि पुन्हा चाटायला लागला. तेवढ्यात पोत्यांमागून एक नाग निघाला. बिज्जूने बरणी सोडली, नागाकडे एक पाऊल टाकले आणि नाग आल्या वाटेने परत गेला. अण्णा ही हकीकत सांगत तेव्हा शेवटी दर वेळी एकच वाक्य म्हणत, "यांना भिऊन मी पोत्यावर. नाग बी यांना भिऊन भिताडात. मग दुकानाचा मालक कोण, तूच सांग बे मन्मथ."

आमच्या लिंगायत समाजात माणूस पुरतात, बसवून. गावाच्या पूर्वेला माळाच्या उतारावर आमची रुद्रभूमी आहे आणि तिच्या कोपऱ्यात हिवराच्या झाडाखाली मालकांचे बीळ होते. बिज्जू मुडदे उकरतो असे आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, त्यामुळे त्या जागी त्याचे घर असणे कोणालाच पसंत नव्हते. अण्णांना ते अगदी पसंत होते. "त्याला मध लागतो, उंदीर लागतो, हुमणीची अळी लागती. आपल्या माणसांत त्याला काय गोडी? ही जिती होती तवा तरी कुठं गोड होती?"

पाहणीला जाताना ते युसूफ वडगावच्या बाजारातून आणलेली प्लास्टिकची लाल खुर्ची डोक्यावर घेत. गावातली ती पहिली प्लास्टिकची खुर्ची. काकू मागून म्हणत, "बिज्जूकडं जाताना इस्त्रीचं धोतर लागतंय, मला माहेरी सोडायला जाताना न्हाई लागत." अण्णा म्हणत, "तुझ्या माहेरी मला कोण बघतंय?" मग बिळापासून बावीस पावलांवर खुर्ची मांडून ते दिवस मावळेपर्यंत बसत. मला सोबत नेत, कारण नोंद ठेवायला कोणीतरी हवे होते. तीन वर्षांत आम्ही एकशे चौदा संध्याकाळी बसलो. मालक नऊ वेळा दिसले. त्यातल्या सात वेळा फक्त पाठ दिसली, कारण ऐन वेळी शिंका सुरू होत. उरलेल्या दोन वेळा तपकिरीची डबी घरी विसरली होती. मी हे आकडे दाखवून डबी घरी ठेवायची सूचना केली. अण्णा विचार करून म्हणाले, "न्हाई. त्यांना माझी शिंक वळखीची झाली हाय. एकदम बंद केली तर काळजी करतील."

त्या पौषात संगमेश्वरचे वडील विश्वनाथअप्पा वारले. अण्णांचे ते बालमित्र. समाधीत घालायला लागणारे मीठ अण्णांच्याच दुकानातून गेले, दोन पोती. रुद्रभूमीत सगळा गाव लोटला. स्वामी मंत्र म्हणत होते, संगमेश्वर रडत होता आणि अण्णा सगळ्यांकडे पाठ करून दोन्ही हात पसरून हिवराखाली उभे होते, कोणाचा पाय बिळात जाऊ नये म्हणून. आपल्या मित्राला नेमके कुठे बसवले, हे गावात एकट्या अण्णांनी पाहिले नाही. संगमेश्वरने समाधीसाठी लातूरहून चकचकीत दगड सांगितला होता, तो यायला उशीर झाला. तोवर तिथे नुसती माती होती आणि मध्ये पडलेल्या अवकाळी पावसाने तीही सपाट झाली.

महिन्याने त्या जागी गुडघाभर खड्डा दिसला. माती इकडेतिकडे उडालेली, आत मिठाचे खडे चमकत होते. मिठाचा थर मोडला नव्हता, त्याखाली काहीही हलले नव्हते, हे लालाभाईने उतरून पाहिले आणि सांगितले. पण संगमेश्वरचा चेहरा पाहवत नव्हता. त्याच सकाळी ठराव झाला. उकरणारा कोण, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. दुपारी बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर करायचा, लालाभाईने मागून खणत यायचे आणि बिज्जू निघाला की पोरांनी काठ्या घालायच्या, असे ठरले. आमच्या हिशेबाने त्या दिवसांत आत पिल्लू होते. ते आम्ही दोघांनीच पाहिले होते, नोंद क्रमांक नऊ.

अकरा वाजता अण्णा डेअरीत आले. दूध घालायची वेळ नव्हती आणि त्यांच्याकडे जनावरही नव्हते. ते किटल्यांच्या शेजारी बसले.

"मन्मथ, मऊ माती कुठं असती?"

"नांगरलेल्या रानात."

"आनखी?"

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या दोन्ही तळहातांवर फोड होते. पोती उचलणारा हमाल वेगळा होता, त्यामुळे अण्णांच्या हाताला फोड येण्याचे कारण नव्हते.

मग त्यांनी सगळे सांगितले. विश्वनाथअप्पा बिळाच्या इतक्या जवळ बसल्यावर लोक मालकांना सुखाने राहू देणार नाहीत, असे त्यांना वाटायला लागले होते. म्हणून त्यांनी मालकांसाठी दुसरे घर खणायचे ठरवले. काल भर दुपारी, गाव झोपलेले असताना, लालाभाईच्या ओट्यावरची कुदळ न विचारता उचलली आणि ते रुद्रभूमीत गेले. "चार ठिकाणी मारून बघितली. समदीकडं मुरूम. हात झिणझिणले. पाचव्या जागी कुदळ लोण्यात गेल्यावानी गेली. मला वाटलं, देवच पावला. गुडघाभर गेलतो आन मीठ लागलं." त्यांनी चिमटीत खडा धरल्यासारखे केले. "मीठ वळखलं मी. खडा मोठा होता. आपल्याच दुकानाचा माल."

"मग?"

"मग पळालो. तू मला पळताना कधी बघितलंस का? बघू नगस."

मी म्हटले, स्वामींना सांगून टाका. ते म्हणाले, "चाळीस वर्षं लोक माझ्या काट्यावर डोळे झाकून माल नेतेत. उद्या म्हणतील, यानं दोस्ताची समाधी उकरली, हा काय तोलणार. आन संगमेश्वरला मी हे कोणत्या तोंडानं सांगू?" त्यांनी किटलीचे झाकण उघडून पुन्हा लावले. "आन न्हाई सांगितलं तर ते पिल्लू." उठताना त्यांनी विचारले, "ठरावात तू नेमकं काय लिवलंस? बिज्जू लिवलंस का?"

"नाही. समाधी उकरणारास, असं लिहिलं आहे."

"वही घेऊन ये," अण्णा म्हणाले.

तीन वाजता बिळाशी पंचवीस-तीस माणसे जमली होती. घमेल्यात मिरच्या, काडेपेटी, काठ्या. अण्णा डोक्यावर लाल खुर्ची घेऊन गर्दीतून पुढे आले, बरोबर बिळाच्या तोंडावर त्यांनी खुर्ची मांडली आणि ते बसले. शहाण्णव किलो. खुर्चीचे मागचे दोन्ही पाय बिळात गेले, अण्णा मागे कलले आणि त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले. त्याच वेळी कोणीतरी घाईने मिरच्या पेटवल्या.

"अण्णा, बाजूला व्हा," संगमेश्वर म्हणाला.

"होता येईना," अण्णा म्हणाले, आणि शिंका सुरू झाल्या. "मन्मथ, (एक) ठराव (दोन) वाच."

मी वाचला. समाधी उकरणारास जो कोणी हजर करील, त्यास.

"मी (तीन) हजर करतो." त्यांनी बोट आपल्या छातीवर ठेवले. "हा बघा. (चार) दोनशे एक्कावन्न आन."

घमेले आधी लालाभाईने पायाने दूर सरकवले. मग अण्णांनी तशाच अर्धवट आडव्या स्थितीत, आकाशाकडे तोंड करून, सगळी हकीकत सांगितली. पाचवी आणि सहावी शिंक त्यात गेली.

संगमेश्वर म्हणाला, "अण्णा, माझा बाप उकरला तुमी?"

"बाप न्हाई रे. मीठ. बापापर्यंत जायला मला आठ दिवस लागले असते, माझं खणणं तू बघितलं न्हाईस."

"पुरताना तर तुमी तिथंच होता."

"होतो. पण माझं तोंड इकडं होतं." अण्णांनी खुर्चीखालच्या बिळाकडे हात केला. त्यांचा आवाज बारीक झाला. "मित्राचं शेवटचं दर्शन मी पाठ करून घेतलं, संगमेश्वर. ते माझं मला लागलंय. तू काय बोलशील ते बोल, पण ह्यांनी काय केलेलं न्हाई."

संगमेश्वर म्हणाला, "आमचे अप्पा म्हणायचे, लपंडावात अण्णावर राज्य आलं की मला कुठंही हुडकून काढतो." एवढे म्हणून तो खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडला, पण ते मिरच्यांमुळे असे त्याने सगळ्यांना सांगितले.

तेव्हा अण्णांना सातवी आली.

चौघांनी मिळून त्यांना उपसून काढले. लालाभाई म्हणाला, "मी सकाळीच वळखलं होतं. बिज्जू माती मागं फेकतो. ह्यांनी पुढं फेकली, बाजूला फेकली, सोताच्या चपलेत भरली."

"मग बोलला कावून न्हाईस?" स्वामींनी विचारले.

"कुदळ माझी होती ना," लालाभाई म्हणाला.

स्वामींनी तिथेच निवाडा दिला. ठरावाप्रमाणे अण्णांना बक्षीस रुपये २५१, आणि समाधी उकरल्याबद्दल अण्णांना दंड रुपये २५१. मी म्हटले, परस्पर वळते करू. अण्णांनी ते मानले नाही. बक्षिसाच्या नोटा मोजून घेतल्या, खिशात घातल्या आणि दंड दुकानातून वेगळा आणून भरला. दोन्हींच्या पावत्या मागितल्या.

दुसऱ्या दिवशी लालाभाईने बिळात हात घालून पाहिला. बीळ रिकामे होते. आत कोळ्यांची जाळीही होती. मालक पिल्लाला घेऊन आठ-दहा दिवसांपूर्वीच दुसरीकडे गेले होते. बिज्जू असे घर बदलतो म्हणे. म्हणजे अण्णांनी नवे घर खणायची गरज नव्हती, खुर्चीवर बसायची नव्हती आणि गावासमोर शिंकायचीही नव्हती. हे त्यांना सांगायचे काम माझ्यावर आले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मी बसलो तवा आत हाय असं मला वाटत होतं का न्हाई?" मी हो म्हटले. "मग झालं," ते म्हणाले. वजनकाट्याबद्दल त्यांना कोणी कधी काही बोलले नाही. मालक पुढच्या दिवाळीनंतर माळाच्या पलीकडे दिसले, दोन मोठे आणि एक अर्धवट वाढलेले. नोंद क्रमांक दहा. पाठच.

अण्णा गेले त्याला आता सात वर्षे झाली. कुठे बसवायचे ते त्यांनी आधीच काकूंना सांगून ठेवले होते: हिवराखालच्या त्या जुन्या बिळाजवळ, मुरमात. "मऊ माती नको. कोणी घर खणायला येतंय." लालाभाईला त्या मुरमात दीड दिवस लागला. त्याने रुंदी नेहमीपेक्षा सव्वा हात जास्त धरली आणि बिळाच्या तोंडावर एक ढेकूळ पडू दिले नाही. मीठ तीन पोती लागले. या वेळी हात पसरून बिळाच्या तोंडाशी मी उभा राहिलो, पण तोंड समाधीकडे करून.

खणायची मजुरी संगमेश्वरने दिली. तेराव्या दिवशी काकूंनी गल्ल्याच्या तळाचे एक पाकीट मला दिले आणि म्हणाल्या, "ज्याचं त्याला पोच कर." पाकिटावर अण्णांचे अक्षर होते: "कुदळीचे भाडे, एक दुपार." आत बक्षिसाच्या त्याच जुन्या नोटा होत्या. मी लालाभाईच्या ओट्यावर जाऊन त्याच्या हातात मोजून दिल्या. रुपये दोनशे एक्कावन्न, लालाभाईस पोचले. पावतीवर अंगठा देताना त्याला सात शिंका आल्या. तपकिरीची ती डबी काकूंनी त्यालाच दिली होती.