बापाचं नाव आधी सांग

मंडळी, आज सकाळी आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नवा नंबर आला. नाव नाही, फोटो नाही. थेट प्रश्न: "टाकीखालचं बंद घर कुणाचं हाय?"

माझं डोकं सटकलं. हल्ली आमच्या पोलादपूरकडे बंद घरं आणि पडीक जमिनी हुडकत एजंट फिरतायत. मी इथे मुंबईतून लिहिलं, "तुला कशाला पाहिजे? आधी बापाचं नाव सांग." आमच्याकडे नव्या माणसाला हेच विचारतात, त्यावरून घर कळतं. ॲडमिनला वेगळा मेसेज केला, याला काढून टाक.

तेवढ्यात उत्तर आलं. "बापाचं सांगून तुम्हाला कळायचं नाय, दादा. मी तुकारामबाबांची धाकटी सून. त्या घराची कौलं वानरांनी सरकवलीत, पाणी आत जातंय. मालकाला कळवा." खाली फोटो.

तरी मी फोटो मोठा करून दोनदा बघितला. एजंट काय, फोटोही टाकतील. पण दारावरचं कुलूप माझंच होतं.

घर माझं आहे, हे मी अजून ग्रुपवर लिहिलेलं नाही. वाडीत रोज राहते ती, मी जातो शिमग्याला. मग बापाचं नाव कुणी कुणाला विचारायचं?