काठोकाठ भरलेला पेला

पनवेलच्या एका दवाखान्यात लहान मुलांचं चालणं, चढणं, उड्या मारणं तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माझी लेक चार वर्षांची झाली तरी जिना चढताना माझं बोट सोडत नव्हती, म्हणून तिला घेऊन गेले होते.

बाईंनी आधी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. इतका काठोकाठ, की दोन्ही हातांनी धरावा लागला. तोंडाला लावणार, तर म्हणाल्या, "प्यायचं नाही. नुसता धरा आणि सांडू नका." मला रागच आला.

मग त्यांनी लाकडी पायऱ्यांवर अगदी वर चेंडू ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, "आण बघू."

दुसऱ्याच पायरीवर ती डगमगली. मी ताडकन उठले, पाणी ओढणीवर सांडलं. "अहो, पडेल ती!"

"पडू दे, खाली गादी हाय." एवढा वेळ शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून एकदम गावची बोली आली. "तुमचा हात मधी आला तर मला तिचे पाय दिसत नाय."

लेकीने चेंडू आणला. टाळ्या वाजवायलाही माझे हात मोकळे नव्हते.

आता ती कॉलेजात आहे. रोज सकाळी स्कूटर काढते, हायवेला लागते. मी फाटकात उभी असते, चहाचा भरलेला कप दोन्ही हातांनी धरून.